पडद्यामागील कर्तापुरुष : फ्रेड फ्रेंडली

आपल्याकडे चरित्रे लिहिली जातात ती बहुधा राजांची, सेनानींची, संतांची आणि विद्वानांची. क्वचित नटांची व गायकांचीही लिहिली जातात. परंतु ज्याचा चेहरा लोकांनी फारसा पाहिलेला नाही, ज्याचे नाव कार्यक्रम संपल्यावर पडद्यावरून क्षणभर सरकून जाते आणि ते वाचण्यापूर्वीच घरातील मंडळी पानावर जाऊन बसतात, अशा मनुष्याचे चरित्र लिहिण्याची चाल आपल्यात नाही. या स्मरणिकेत आम्ही अशाच एका पुरुषाची ओळख वाचक बंधुभगिनींस करून देण्याचे योजिले आहे. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरील वार्तापटांचे व अनुबोधपटांचे विख्यात निर्माते फ्रेड फ्रेंडली हे ते पुरुष होत.

सातासमुद्रापलीकडील या गृहस्थांची निवड का केली, असे कोणी विचारील. आमची कारणे दोन आहेत. पहिले असे की, आपल्या मुंबईवर ओढवलेल्या एका भीषण आपत्तीत हा परदेशी तरुण स्वतःचे प्राण धोक्यात घालून मदतीस धावला होता. ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपल्यापैकी बहुतेकांची घरे नोकरीवर चालतात. नोकरीत मान मिळतो, वेतन मिळते, मुलाबाळांची सोय होते. परंतु एखाद्या दिवशी वरिष्ठांची आज्ञा आणि आपले कर्तव्य यांच्या वाटा वेगळ्या होतात. अशा वेळी मनुष्याने काय करावे? फ्रेंडली यांच्या आयुष्यात हा प्रश्न एकदा नव्हे, अनेकदा आला. त्याचे त्यांनी दिलेले उत्तर आपण पाहणार आहोत.

बालपण व उमेदवारी

फ्रेंडली यांचा जन्म न्यूयॉर्क शहरी ३० ऑक्टोबर १९१५ रोजी एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळचे नाव फर्डिनंड फ्रेंडली वाखेनहायमर. वडील दागिन्यांच्या धंद्यात होते. फर्डिनंड लहान असतानाच त्यांचे छत्र हरपले आणि या एकुलत्या मुलाच्या संगोपनाचा सर्व भार आईवर पडला. ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स या गावी तिने त्याला वाढविले. शाळेत फर्डिनंड हुशार मुलांत कधीच गणला गेला नाही. पुस्तकी अभ्यास त्याला जड जाई. शालेय शिक्षणानंतर मॅसॅच्युसेट्स राज्यातील निकोल्स ज्युनिअर कॉलेज या लहानशा संस्थेत तो शिकला व १९३६ साली तेथून बाहेर पडला. मोठ्या विद्यापीठाची पदवी त्याच्या नावापुढे कधी लागली नाही. पुढे मात्र याच मनुष्याला कोलंबिया विद्यापीठाने प्राध्यापकाच्या आसनावर सन्मानाने बसविले. परीक्षेतील गुणांवरून मुलांचे भवितव्य ठरवून मोकळे होणाऱ्या आईबापांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

प्रॉव्हिडन्सच्या स्थानिक नभोवाणी केंद्रावर त्यांनी उमेदवारी सुरू केली. तेथेच त्यांनी आईच्या माहेरचे आडनाव घेऊन फ्रेड फ्रेंडली हे सुटसुटीत नाव धारण केले. थोर व्यक्तींची जेमतेम पाच मिनिटांची चरित्रे ते नभोवाणीवरून सादर करीत. पाच मिनिटांत एका आयुष्याचे सार सांगावयाचे म्हणजे काय घ्यावे आणि काय सोडावे याचा विवेक हवा. निर्मात्याची सारी विद्या या एका विवेकात सामावलेली असते. फ्रेंडली यांना ती शाळेत मिळाली नाही. ती त्यांनी या पाच मिनिटांच्या कारखान्यात घाम गाळून मिळविली.

मुंबईच्या गोदीतील अग्निप्रलय

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १९४१ साली फ्रेंडली सैन्यात दाखल झाले. चीन, ब्रह्मदेश व हिंदुस्थान या आघाडीवर त्यांची नेमणूक झाली. सैनिकांना युद्धाची माहिती देणारी व्याख्याने देणे आणि या आघाडीवरील अमेरिकन सैनिकांसाठी निघणाऱ्या 'सीबीआय राउंडअप' या वृत्तपत्रासाठी मजकूर लिहिणे ही त्यांची कामे होती.

१४ एप्रिल १९४४ हा दिवस मुंबईकर कसा विसरतील? 'फोर्ट स्टायकिन' हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्ये होती, कापसाच्या गासड्या होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. कापूस आणि दारूगोळा एकत्र ठेवण्याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. दुपारी जहाजाला आग लागली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. गोदीतील जहाजे मोडून पडली, आसपासची वस्ती पेटली, सोन्याच्या विटा दूरवर जाऊन कोसळल्या. शेकडो माणसे प्राणास मुकली. आग विझविण्यासाठी गेलेले मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जवान त्यात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो, तो याच तिथीपासून सुरू होतो.

त्या दिवशी फ्रेंडली मुंबईत होते. हे शहर त्यांचे नव्हते, गोदीत त्यांचे कोणी आप्त नव्हते. तरीही त्या प्रसंगी दाखविलेल्या धैर्याबद्दल अमेरिकन सैन्याने त्यांना 'सोल्जर्स मेडल' दिले. प्रत्यक्ष लढाईबाहेर जीव धोक्यात घालणाऱ्या सैनिकाला हे पदक दिले जाते. युद्धातील एकूण कामगिरीबद्दल त्यांना 'लीजन ऑफ मेरिट' हा बहुमानही मिळाला.

युद्धाच्या अखेरीस, १९४५ च्या मे महिन्यात, फ्रेंडली ऑस्ट्रियातील माउटहाउझेन येथील नाझी छळछावणीत पोहोचले. तेथील कैद्यांची अवस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि ती आईला सविस्तर पत्रातून कळविली. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या तरुणाला आपले आयुष्य केवळ योगायोगाने वाचले आहे, आपण अमेरिकेऐवजी युरोपात जन्मलो असतो तर त्या कुंपणाच्या आत असतो, ही जाणीव तेथे झाली. ते पत्र त्यांच्या कुटुंबात पुढे वल्हांडणाच्या सणाला वाचून दाखविण्यात येऊ लागले. लोकांना डोळ्यांनी दाखविल्यावाचून खरे पटत नाही आणि न पटल्यास अनर्थ होतो, ही निष्ठा त्यांच्या मनात मुंबईच्या व माउटहाउझेनच्या अनुभवांनी रुजविली असावी, असे आम्हांस वाटते.

मर्रो यांची जोड

युद्धानंतर न्यूयॉर्कला आलेल्या फ्रेंडली यांची गाठ एडवर्ड मर्रो यांच्याशी पडली. लंडनवर बॉम्ब पडत असताना तेथील गच्च्यांवर उभे राहून अमेरिकेला वृत्तांत ऐकविणारे मर्रो हे तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होते. फ्रेंडली यांना कोणी ओळखत नव्हते. १९३३ ते १९४५ या काळातील जगाचा इतिहास त्या त्या पुढाऱ्यांच्या मूळ आवाजांतूनच उभा करावा, अशी कल्पना फ्रेंडली यांनी मांडली. मर्रो यांनी निवेदन केले आणि १९४८ साली 'आय कॅन हिअर इट नाउ' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिचा खप प्रचंड झाला. या यशातून १९५० च्या अखेरीस सीबीएस या प्रक्षेपण संस्थेच्या नभोवाणीवर 'हिअर इट नाउ' हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला.

या दोघांचे स्वभाव परस्परविरुद्ध होते. मर्रो मितभाषी, गंभीर, किंचित उदास. फ्रेंडली धिप्पाड, उतावीळ, सदैव नव्या कल्पनेने पेटलेले आणि सहकाऱ्यांवर गरजणारे. त्यांच्या हाताखाली काम करणे सोपे नव्हते. परंतु एकाच्या वाणीला दुसऱ्याच्या धडाडीची जोड मिळाली आणि दूरचित्रवाणीच्या इतिहासातील एक नवे पर्व सुरू झाले.

'सी इट नाउ' आणि निर्मात्याचे काम

१८ नोव्हेंबर १९५१ रोजी 'सी इट नाउ' या कार्यक्रमाचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांना जोडणारी प्रक्षेपणाची यंत्रणा पूर्ण झाली होती. फ्रेंडली यांनी न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल आणि सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल ही दोन चित्रे एकाच वेळी प्रेक्षकांसमोर ठेवली. दोन महासागर एका खोलीत आले.

निर्माता म्हणजे नेमके काय करणारा, हे येथे सांगणे अवश्य आहे, कारण आपल्याकडे हा शब्द ऐकताच पैसा घालणारा शेठ डोळ्यांसमोर येतो. वार्तापटाचा निर्माता विषय निवडतो, वार्ताहर व छायाचित्रकार कोठे पाठवायचे ते ठरवितो, आणलेली फीत पुनःपुन्हा पाहतो आणि तिच्यातून प्रेक्षकांना काय दाखवावयाचे याचा निवाडा करतो. त्यापूर्वी चित्रगृहांतील वार्तापटांत बहुधा मुकी चित्रे दाखवून वरून निवेदन जोडीत. फ्रेंडली यांनी माणसाचा आवाज जागेवरच मुद्रित करण्याचा आग्रह धरला. मुलाखतीची तालीम घ्यावयाची नाही, आणि कार्यक्रम रंगावा म्हणून कोणाच्या तोंडी शब्द घालावयाचे नाहीत, हा त्यांचा नियम होता. पुष्कळ फीत खर्ची पडे आणि तिचा थोडाच अंश प्रेक्षकांपर्यंत पोहोचे. १९५२ च्या नाताळात त्यांनी आपली पथके कोरियाच्या रणभूमीवर पाठविली. सेनापतींच्या नकाशांऐवजी थंडीत कुडकुडत खंदक खोदणारा साधा शिपाई अमेरिकेच्या घराघरांत दिसला.

एका लेफ्टनंटची कथा

त्या काळी अमेरिकेत साम्यवादाच्या भीतीने कहर केला होता. सिनेटर जोसेफ मॅकार्थी हे पुराव्यावाचून कोणावरही देशद्रोहाचा आळ घेत आणि आळ आला की मनुष्य नोकरीतून उठे. या भयाने मोठमोठ्या संस्थांची तोंडे बंद केली होती.

मिशिगन राज्यातील डेक्स्टर गावचे मायलो राडुलोविच हे विमानदलाच्या राखीव दलातील एक तरुण लेफ्टनंट होते. त्यांच्या स्वतःच्या निष्ठेविषयी कोणतीही तक्रार नव्हती. परंतु त्यांचे वडील व बहीण यांचे विचार संशयास्पद आहेत, एवढ्यावरून त्यांना सेवेस अयोग्य ठरविण्यात आले. वडील एक सर्बियन वृत्तपत्र वाचीत, हाही एक पुरावा होता. आरोपांचे कागद मोहोरबंद लखोट्यात होते. ते उघडून दाखविण्याची तसदी चौकशी करणाऱ्यांनी घेतली नाही. बापाशी व बहिणीशी नाते तोडावे की नोकरी सोडावी, अशा कात्रीत हा मुलगा सापडला. नातेगोते हाच ज्यांच्या समाजजीवनाचा पाया, त्या आमच्या वाचकांना या प्रसंगातील क्रूरता अधिक सांगावयास नको.

फ्रेंडली आणि मर्रो यांनी या प्रकरणावर पूर्ण अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला. संस्थेने त्याची जाहिरात करण्याचे नाकारले. तेव्हा या दोघांनी स्वतःच्या खिशातील १५०० डॉलर भरून 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये जाहिरात दिली आणि तिच्यात संस्थेचे चिन्ह वापरले नाही. २० ऑक्टोबर १९५३ रोजी कार्यक्रम प्रक्षेपित झाला. लेफ्टनंट, त्यांचे वृद्ध वडील, बहीण, शेजारीपाजारी सारे आपल्या साध्या शब्दांत बोलले. पाचच आठवड्यांनी विमानदलाचे सचिव हॅरल्ड टॅलबट यांनी याच कार्यक्रमात येऊन राडुलोविच यांना निर्दोष ठरविल्याचे जाहीर केले.

मॅकार्थी यांच्याशी सामना

एक मनुष्य सुटला. परंतु भयाचे मूळ कायम होते. कित्येक महिने फ्रेंडली यांची माणसे मॅकार्थी यांच्या भाषणांची व चौकश्यांची फीत जमवीत होती. कार्यक्रम करावयाचे ठरल्यावर सर्व सहकाऱ्यांना एकत्र बसविण्यात आले. आपल्या पूर्वायुष्यातील एखादी गोष्ट उद्या आपल्यावर उलटविली जाईल अशी भीती कोणास असेल तर त्याने आताच सांगावे, असे त्यांना विचारण्यात आले. दुसऱ्यावर भयाविरुद्धचा बाण सोडण्यापूर्वी स्वतःच्या घरातील भय त्यांनी उघड्यावर आणले.

९ मार्च १९५४ रोजी तो कार्यक्रम झाला. मॅकार्थी यांच्याविषयी इतरांनी केलेली टीका त्यात फार नव्हती. बहुतेक भाग खुद्द मॅकार्थी यांच्याच बोलण्याचा होता. त्यांचे शब्द दाखवावयाचे आणि लगेच खरी वस्तुस्थिती पुढे ठेवावयाची, अशी त्याची रचना होती. या कार्यक्रमाचीही जाहिरात दोघांनी पदरमोड करून दिली. प्रक्षेपणाच्या क्षणी धिप्पाड फ्रेंडली यांचा हात इतका थरथरत होता की घड्याळाची कळ दाबताना पहिल्या खेपेस बोट चुकले. पुढे त्यांनी स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली आहे. धैर्य म्हणजे हात न थरथरणे नव्हे. थरथरत्या हाताने कळ दाबणे होय.

तारांचा व दूरध्वनींचा पाऊस पडला आणि त्यात अनुकूल व प्रतिकूल यांचे प्रमाण पंधरास एक असे होते. मॅकार्थी यांना उत्तराची संधी देण्यात आली व ६ एप्रिल रोजी त्यांनी ती घेतली. पुढे सैन्यदलाशी झालेल्या त्यांच्या संघर्षाची सुनावणी साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली आणि २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्यांचा निषेध केला. एकट्या कार्यक्रमाने मॅकार्थी पडले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. वृत्तपत्रांतील अनेकांनी त्यांच्याविरुद्ध आधीच लेखणी उचलली होती. फीत निवडून एखाद्या माणसाचे चित्र रंगविण्याचे सामर्थ्य उद्या दुर्जनाच्या हाती गेले तर काय, ही शंकाही त्या वेळी सुज्ञांनी काढली होती. ती रास्त होती, आणि आजही ती तितकीच रास्त आहे. म्हणूनच हे साधन ज्यांच्या हाती असते त्यांचे चारित्र्य हा साऱ्या समाजाच्या काळजीचा विषय ठरतो.

जाहिरातींचे राज्य

अमेरिकेतील दूरचित्रवाणी जाहिरातींवर पोसली जाते. जून १९५५ मध्ये 'सी इट नाउ'च्या अगोदरच्या वेळेत भरघोस रकमेची बक्षिसे देणारा एक प्रश्नोत्तरांचा खेळ सुरू झाला. लोक त्यावर तुटून पडले. त्या वेळेचा भाव असा चढला की गंभीर वार्तापटास तेथे जागा उरली नाही. 'सी इट नाउ'ला पोसणाऱ्या अॅल्युमिनियम कंपनीनेही त्याच वर्षी हात काढून घेतला. पुढे त्या काळच्या अशा खेळांत उत्तरे आधीच पढविली जात, हे उघडकीस येऊन मोठा गहजब झाला. परंतु तोवर, १९५८ साली, 'सी इट नाउ' बंद पडला होता.

त्याच वर्षी या जोडीने 'स्मॉल वर्ल्ड' नावाचा नवा कार्यक्रम काढला. निरनिराळ्या देशांत बसलेल्या विचारवंतांना दूरध्वनीने जोडून त्यांचा संवाद घडवावयाचा आणि प्रत्येकाचे चित्रण त्याच्या ठिकाणी करून मग ते एकत्र गुंफावयाचे, अशी त्याची योजना होती. उपग्रहांचे युग अजून यावयाचे होते. १२ ऑक्टोबर १९५८ च्या पहिल्याच भागात नवी दिल्लीहून पंडित नेहरू, इटलीहून लेखक आल्डस हक्सली आणि अमेरिकेतून टॉमस ड्यूई सहभागी झाले होते.

१९५९ मध्ये 'सीबीएस रिपोर्ट्स' ही अनुबोधपटांची मालिका सुरू झाली व तिची सूत्रे फ्रेंडली यांच्याकडे आली. या मालिकेतील 'हार्वेस्ट ऑफ शेम' हा पट २५ नोव्हेंबर १९६० रोजी, म्हणजे अमेरिकेतील थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी दाखविण्यात आला. गावोगाव भटकून पिके काढणाऱ्या शेतमजुरांची दैना त्यात होती. आपल्या ताटात जे अन्न आले ते कोणाच्या उपासमारीतून आले, हे पोटभर जेवलेल्या देशाने त्या दिवशी पाहिले. १९६३ साली कीटकनाशकांच्या दुष्परिणामांविषयी रेचल कार्सन यांच्या ग्रंथावर आधारलेला पट तयार झाला, तेव्हा तीन जाहिरातदारांनी अंग काढून घेतले. तरीही पट दाखविण्यात आला.

अध्यक्षपद आणि राजीनामा

मार्च १९६४ मध्ये फ्रेंडली सीबीएसच्या वृत्तविभागाचे अध्यक्ष झाले. नावापुढे विद्यापीठाची पदवी नसलेला मुलगा पन्नाशीच्या आत त्या व्यवसायाच्या सर्वोच्च आसनावर बसला. मान, वेतन, अधिकार, कशाची उणीव नव्हती. घरी तीन मुलांचा संसार होता.

व्हिएतनाममधील युद्ध तेव्हा पेटत चालले होते. ऑगस्ट १९६५ मध्ये मॉर्ली सेफर या वार्ताहराने काम ने या खेड्यातून एक फीत पाठविली. अमेरिकन सैनिक सिगारेट पेटविण्याच्या लायटरने गवताच्या झोपड्या पेटवीत आहेत आणि म्हातारीकोतारी रडत आहेत, असे ते दृश्य होते. ते दाखविण्याचा निर्णय झाला आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा संताप संस्थेला सोसावा लागला.

फेब्रुवारी १९६६ मध्ये सिनेटर फुलब्राइट यांच्या अध्यक्षतेखालील परराष्ट्र व्यवहार समितीने या युद्धाविषयी उघड सुनावण्या सुरू केल्या. देश युद्धात ओढला जात असताना त्याची चर्चा जनतेने प्रत्यक्ष ऐकावी, असा फ्रेंडली यांचा आग्रह होता आणि प्रारंभीच्या काही सुनावण्या सीबीएसने दाखविल्याही. परंतु दिवसाच्या नित्य कार्यक्रमांच्या जाहिराती बुडत होत्या. १० फेब्रुवारी रोजी अनुभवी मुत्सद्दी जॉर्ज केनन यांची साक्ष होती. संस्थेत नुकतेच वरिष्ठ पदावर आलेले जॉन श्नायडर यांनी ती न दाखविण्याचे ठरविले. त्या सकाळी प्रतिस्पर्धी एनबीसीवर केनन युद्धाविषयी बोलत होते, आणि सीबीएसवर 'आय लव्ह लुसी' या विनोदी मालिकेचा यापूर्वी अनेकदा दाखविलेला जुना भाग चालू होता.

पाच दिवसांनी, १५ फेब्रुवारी १९६६ रोजी, फ्रेंडली यांनी राजीनामा दिला. सोळा वर्षे ज्या संस्थेत घालविली ती त्यांनी एका सकाळच्या कार्यक्रमावरून सोडली.

या राजीनाम्याविषयी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संस्थेचे प्रमुख विल्यम पेली व फ्रँक स्टँटन यांच्याकडे थेट जाण्याचा आपला मार्ग बंद होऊन मध्ये एक नवा वरिष्ठ आला, याचा फ्रेंडली यांना राग होता, असे टीकाकार म्हणत. त्यात तथ्य असेलही. अधिकाराची ओढ त्यांना होतीच. परंतु रुसलेली माणसे संस्थेत राहून कुरबुर करतात, तडजोड करून दुसरे पद मिळवितात. फ्रेंडली यांनी कारण लेखी दिले आणि ते लोकांपुढे ठेवले. जे वृत्त दाखविणे आपले काम आहे ते दाखविण्याचा अधिकार नसेल, तर त्या पदावर बसणे म्हणजे लोकांना फसविणे होय, असा त्यांचा निवाडा होता. मनुष्याचे हेतू बहुधा मिश्र असतात; त्याची कृती मात्र स्पष्ट असते.

उत्तरायुष्य

राजीनाम्याने आयुष्य संपत नाही, हे फ्रेंडली यांनी पुढील तीन दशकांत दाखविले. फोर्ड फाउंडेशनने त्यांना दूरचित्रवाणीविषयक सल्लागार नेमले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या वृत्तविद्या शाखेत एडवर्ड मर्रो यांच्या नावाने निर्माण झालेल्या आसनावर ते प्राध्यापक झाले. मर्रो १९६५ सालीच निवर्तले होते. मित्राच्या नावाखाली शिकविण्याचे भाग्य फ्रेंडली यांना लाभले.

जाहिरातींवर अवलंबून नसलेली दूरचित्रवाणी असावी, हा त्यांचा ध्यास होता. ऑगस्ट १९६६ मध्ये फोर्ड फाउंडेशनतर्फे त्यांनी एक धाडसी योजना सरकारपुढे मांडली. उपग्रहाद्वारे प्रक्षेपण करावे, व्यापारी संस्थांनी त्याचे भाडे द्यावे आणि त्या उत्पन्नातून लोकशिक्षणाच्या कार्यक्रमांना आधार मिळावा, असा तिचा आशय होता. ही योजना जशीच्या तशी मान्य झाली नाही. परंतु या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले. इतरांच्या प्रयत्नांचीही भर पडली आणि ७ नोव्हेंबर १९६७ रोजी सार्वजनिक प्रक्षेपणाचा कायदा झाला. त्यातूनच पुढे पीबीएस ही संस्था उभी राहिली.

१९६८ साली कोलंबियात त्यांच्या पुढाकाराने आणखी एक कार्य झाले. कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य समाजांतील तरुणांना वृत्तव्यवसायाचे शिक्षण देणारा उन्हाळी वर्ग सुरू झाला. ज्यांची दुःखे दाखवावयाची, त्यांच्यातूनच दाखविणारे निर्माण व्हावेत, हे त्यामागील सूत्र होते.

१९७० नंतर त्यांनी चर्चासत्रांचा एक नवा प्रकार रूढ केला. न्यायाधीश, संपादक, सेनाधिकारी, वैद्य अशांना एकत्र बसवावयाचे. एक काल्पनिक पण कठीण प्रसंग त्यांच्यापुढे टाकावयाचा. आणि अशा वेळी आपण काय कराल, असे प्रश्नामागून प्रश्न विचारून त्यांना निर्णयाच्या कोपऱ्यात आणावयाचे. या कामी त्यांची द्वितीय पत्नी रूथ यांची मोठी साथ होती. १९८४ साली अमेरिकेच्या राज्यघटनेवरील अशा तेरा चर्चांची मालिका पीबीएसवर आली. 'ड्यू टु सर्कमस्टन्सेस बियाँड अवर कंट्रोल' हे त्यांचे व्यवसायातील आत्मकथन १९६७ साली निघाले, तर वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या एका गाजलेल्या खटल्यावरील 'मिनेसोटा रॅग' हे पुस्तक १९८१ साली. ३ मार्च १९९८ रोजी न्यूयॉर्क येथे वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. मॅकार्थी प्रकरणावर २००५ साली निघालेल्या 'गुड नाइट, अँड गुड लक' या चित्रपटात त्यांची भूमिका जॉर्ज क्लूनी यांनी केली आहे.

या चरित्राचे सार

आमच्या मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यापूर्वीच फ्रेंडली यांनी आपल्या कामातून या साधनाचे गुण व दोष दोन्ही जगापुढे ठेवले होते. आता तर पडदा भिंतीवरून उतरून प्रत्येकाच्या तळहातावर आला आहे आणि प्रत्येक घरात काय पाहावे व काय पुढे पाठवावे हे ठरविणारा एकेक निर्माता बसला आहे. आळ घेणारी फीत पाहताच ती पुढे धाडण्यापूर्वी मायलो राडुलोविच यांचा मोहोरबंद लखोटा आपण आठवावा. आरोप काय आहे, पुरावा कोठे आहे आणि ज्याच्यावर आळ आला त्याचे म्हणणे कोणी ऐकले का, हे तीन प्रश्न विचारण्यास वार्ताहर असावे लागत नाही.

आपली मुले-मुली आता वृत्तव्यवसायात, चित्रपटात, कचेऱ्यांत व कारखान्यांत मोठमोठ्या जागा मिळवीत आहेत. त्यांचा सत्कार आपण आनंदाने करतो आणि तो केलाच पाहिजे. परंतु जागा मिळविल्याबद्दल जसा सत्कार होतो, तसा एखाद्याने सत्यासाठी जागा सोडली तर त्याला समाजाने काय द्यावे, याचाही विचार व्हावयास हवा. बहुधा अशा माणसाच्या वाट्याला सासरमाहेरच्या मंडळींचे बोल येतात, संसाराची काळजी नव्हती का, अशी पृच्छा होते. फ्रेंडली यांना राजीनाम्यानंतर हात देणारी एक संस्था आणि एक विद्यापीठ भेटले. आपल्या तरुणांना तसा हात देणारे त्यांचे कुटुंब आणि त्यांचा समाज असला पाहिजे. घराचा खर्च बेताचा ठेवला आणि पाठीशी आपली माणसे उभी आहेत असा भरवसा असला, तर नाही म्हणण्याचे बळ अंगी येते. ते बळ आपल्या घराघरांत असो, एवढीच आमची इच्छा आहे.